कांचनजंगा : सीमेवरचे शिखर आणि बंगाल-महाराष्ट्राचे गिर्यारोहक

भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवर उभे असलेले कांचनजंगा हे ८,५८६ मीटर (२८,१६९ फूट) उंचीचे शिखर एव्हरेस्ट आणि के-टू यांच्यानंतर जगातील तिसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आहे. पूर्वेला सिक्कीम आणि पश्चिमेला नेपाळचा ताप्लेजुंग जिल्हा अशी त्याची स्थिती आहे. मराठीत ‘कांचनगंगा’ असेही त्याचे नाव लिहिले जाते. परंतु या नावाचा गंगेशी संबंध नाही. तिबेटी भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ ‘महान हिमाचे पाच खजिने’ असा आहे. हे पाच खजिने म्हणजे या पर्वताची पाच शिखरे. त्यांपैकी मुख्य, मध्य आणि दक्षिण ही तीन शिखरे सीमारेषेवर आहेत, तर यालुंग कांग (८,५०५ मीटर) आणि कांगबाचेन ही दोन संपूर्णपणे नेपाळच्या हद्दीत आहेत.

राष्ट्रीय सीमेवरील अवघड शिखर म्हटले की युरोपात स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील मॅटरहॉर्नचे नाव प्रथम घेतले जाते. ४,४७८ मीटर उंचीच्या त्या शिखरावर १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा सहकारी पोहोचले आणि उतरताना सातपैकी चौघे कोसळून मरण पावले. कांचनजंगाची उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. आल्प्समधील चढाई सहसा एक-दोन दिवसांत आटोपते. कांचनजंगाच्या मोहिमेला साधारणतः दीड ते दोन महिने द्यावे लागतात. तरीही या दोन पर्वतप्रदेशांचा परस्परांशी एक थेट धागा जुळलेला आहे आणि तो कोलकात्यातून जातो.

सॉल्ट लेक ते दार्जिलिंग

कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक ही वसाहत खाऱ्या पाणथळ जमिनीवर भराव घालून वसवण्यात आली. १९६० च्या दशकात हुगळी नदीच्या पात्रातील गाळ नळांवाटे आणून ही भूमी उभी करण्यात आली. हे काम युगोस्लाव्हियातील एका कंपनीने केले आणि नगराचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुरचनाकाराने तयार केला. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवरची ही वस्ती कांचनजंगापासून हवाई अंतराने सुमारे पावणेसहाशे किलोमीटर दूर आहे. कांचनजंगाच्या पश्चिम उतारावरचे पाणी तामूर आणि कोसी या नद्यांमार्गे गंगेला मिळते व गंगेची एक शाखा हुगळी होऊन कोलकात्याजवळून वाहते. सॉल्ट लेकखालच्या गाळात हिमालयाच्या मातीचा अंश आहे, असे म्हणण्यास भूगोलाची हरकत नाही.

या वसाहतीचे अधिकृत नाव विधाननगर. पश्चिम बंगालचे १९४८ ते १९६२ या काळातील मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्या स्मरणार्थ ते देण्यात आले. डॉक्टर आणि नगरांचे शिल्पकार म्हणून ते परिचित आहेत. भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र फारसे सांगितले जात नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. तेनसिंग हे दार्जिलिंगचे रहिवासी, म्हणजेच राय यांच्या राज्याचे. या यशाचे रूपांतर कायमस्वरूपी संस्थेत व्हावे यासाठी राय यांनी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या पाठिंब्याने प्रयत्न केले आणि ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली.

संस्था काढणे सोपे होते. शिकवणार कोण, हा प्रश्न होता. त्या काळी पद्धतशीर गिर्यारोहण प्रशिक्षणाची परंपरा आल्प्समध्येच होती. त्यामुळे स्वित्झर्लंडमधील आल्पाइन संशोधन प्रतिष्ठानची मदत घेण्यात आली. स्विस मार्गदर्शक आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या रोझेनलाउई येथील शाळेत तेनसिंग आणि काही शेर्पा यांनी १९५४ मध्ये प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले. जगातील सर्वोच्च शिखर सर करून आलेल्या माणसाने दोर बांधण्याचे, बर्फात पायऱ्या खोदण्याचे आणि शिकवण्याचे शास्त्र पुन्हा विद्यार्थी होऊन शिकावे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. मेजर नरेंद्र धर जयाल हे संस्थेचे पहिले प्राचार्य झाले आणि तेनसिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक. तेव्हापासून या संस्थेत शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या डोळ्यांसमोर, आकाश निरभ्र असेल तेव्हा, कांचनजंगाच उभे असते.

मोजणीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कांचनजंगा हेच जगातील सर्वात उंच शिखर मानले जात असे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या नोंदींवरून १८५२ च्या सुमारास ‘शिखर क्रमांक १५’ त्याहून उंच असल्याचे निष्पन्न झाले. या आकडेमोडीचे श्रेय कोलकात्याचे गणिती राधानाथ सिकदार यांना दिले जाते. १८५६ मध्ये ही उंची अधिकृतपणे जाहीर झाली आणि पुढे त्या शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळाले. पश्चिम बंगाल सरकार गिर्यारोहकांना देत असलेल्या पुरस्काराला राधानाथ सिकदार आणि तेनसिंग नोर्गे या दोघांचीही नावे आहेत. त्यांपैकी एकाने कधी शिखर चढले नाही आणि दुसऱ्याने कधी शिखर मोजले नाही.

बंगालच्या मनात या पर्वताचे स्थान वेगळे आहे. सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये याच नावाचा चित्रपट केला. सियालदह स्थानकातून सुटणाऱ्या एका एक्स्प्रेस गाडीलाही त्याचे नाव आहे.

चढाईचे प्रयत्न

कांचनजंगावरील पहिला गंभीर प्रयत्न १९०५ मध्ये नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीच्या मार्गाने झाला. स्विस डॉक्टर ज्यूल जाको-गिलार्मो आणि इंग्रज गिर्यारोहक अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या या मोहिमेत हिमप्रपाताखाली अ‍ॅलेक्सी पाश हे स्विस अधिकारी आणि तीन हमाल गाडले गेले. १९२९ आणि १९३१ मध्ये पॉल बाउअर यांच्या नेतृत्वाखाली जर्मन गिर्यारोहकांनी सिक्कीमच्या बाजूने, झेमू हिमनदीवरून उठणाऱ्या ईशान्य धारेवर चढाई केली. बर्फाचे मनोरे फोडत, त्यांत बोगदे खणत त्यांनी ७,००० मीटरची पातळी ओलांडली, पण माथा हाती आला नाही. दरम्यान १९३० मध्ये गुंटर डिरेनफुर्थ यांची आंतरराष्ट्रीय मोहीम वायव्य बाजूने गेली. हिमकडा कोसळून चेत्तन या अनुभवी शेर्पाचा मृत्यू झाला आणि ती मोहीम त्या बाजूने पुढे जाऊ शकली नाही.

अखेर २५ मे १९५५ रोजी चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेतील जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यांनी यालुंगच्या बाजूने हे शिखर सर केले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर तेथे पोहोचले. या चौघांपैकी कोणीही अगदी टोकावर पाय ठेवला नाही. सिक्कीमच्या जनतेसाठी हा पर्वत रक्षक देवता असल्याने माथा अस्पर्शित ठेवण्याचे वचन इव्हान्स यांनी सिक्कीमच्या चोग्यालांना दिले होते. ते पाळण्यासाठी गिर्यारोहक माथ्यापासून काही पावले अलीकडे थांबले. पुढील अनेक मोहिमांनी हा प्रघात पाळला.

दुसऱ्या यशस्वी चढाईसाठी २२ वर्षे जावी लागली आणि ती भारतीयांनी केली. कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय लष्कराच्या मोहिमेने जर्मनांना नमवणारी ईशान्य धार निवडली. ३१ मे १९७७ रोजी मेजर प्रेम चंद आणि नाईक नीमा दोर्जे शेर्पा हे माथ्याजवळ पोहोचले आणि परंपरेनुसार टोकाआधीच थांबले. या मोहिमेत हवालदार सुखविंदर सिंग यांचा मृत्यू झाला. एव्हरेस्टच्या तुलनेत या चढाईची चर्चा फार कमी झाली. तांत्रिक अवघडपणाचा विचार करता ती भारतीय गिर्यारोहणातील सर्वात मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक ठरते.

१९७९ मध्ये डग स्कॉट, पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांनी कृत्रिम प्राणवायूशिवाय उत्तर धारेवरून चढाई केली. ११ जानेवारी १९८६ रोजी पोलंडचे येर्झी कुकुच्का आणि क्शिश्तोफ व्हिएलित्स्की यांनी ते प्रथमच हिवाळ्यात सर केले. पोलंडच्याच वांदा रुटकिएविच १९९२ मध्ये या पर्वतावर बेपत्ता झाल्या. शिखरावर पोहोचलेली पहिली महिला होण्याचा मान १९९८ मध्ये ब्रिटनच्या जिनेट हॅरिसन यांना मिळाला.

सिक्कीमची बाजू बंद

सध्या कांचनजंगावरील सर्व मोहिमा नेपाळमधूनच जातात. २००० मध्ये सिक्कीमच्या बाजूने एका ऑस्ट्रियन मोहिमेला परवानगी मिळाली तेव्हा स्थानिक बौद्ध व लेपचा समाजाने तीव्र विरोध केला. त्यानंतर २००१ मध्ये सिक्कीम सरकारने कांचनजंगासह काही शिखरे पवित्र घोषित करून त्यांवरील चढाईस बंदी घातली. सिक्कीममध्ये दरवर्षी ‘पांग ल्हाबसोल’ हा सण या पर्वतदेवतेच्या सन्मानार्थ साजरा होतो. पर्वताभोवतीच्या भारतीय हद्दीतील राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर हा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले स्थळ आहे.

याचा परिणाम असा की, भारताच्या सर्वोच्च शिखरावर जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय गिर्यारोहकाला शेजारच्या देशाचा परवाना घ्यावा लागतो. परवाना शुल्क, शेर्पांचे मानधन, प्राणवायूच्या नळकांड्या, विमा यांचा खर्च मोठा असतो. बंगाल आणि महाराष्ट्रातील बहुतेक गिर्यारोहक नोकरदार असल्याने तो कर्ज, देणग्या आणि पुरस्कर्ते यांच्या आधारे उभारावा लागतो. कर्ज काढून आलेल्या माणसाला माथ्याखाली शंभर मीटरवरून परतणे किती जड जात असेल, याचा विचार या पर्वतावरील अपघातांकडे पाहताना करावा लागतो.

मार्ग आणि धोके

आजचा प्रचलित मार्ग १९५५ चाच, म्हणजे नैर्ऋत्येकडील यालुंग कड्यावरचा आहे. ताप्लेजुंगपासून अनेक दिवसांची पायपीट, यालुंग हिमनदीचा दगडगोट्यांनी भरलेला पट्टा आणि सुमारे ५,५०० मीटर उंचीवरील तळछावणी हा त्याचा पहिला भाग. त्यावर सामान्यतः चार छावण्या लावल्या जातात. सुमारे ७,३०० मीटरच्या आसपास ‘ग्रेट शेल्फ’ नावाचा कललेला विस्तीर्ण हिममंच लागतो. शेवटच्या छावणीपासून माथ्यापर्यंत हजार मीटरहून अधिक चढ एकाच टप्प्यात पार करावा लागतो. खडक आणि बर्फ यांची सरमिसळ असलेल्या घळी, लांबलचक आडवी वाट आणि माथ्याजवळचा खडकाचा टप्पा यांमुळे हा शेवटचा दिवस एव्हरेस्टच्या शेवटच्या दिवसापेक्षाही लांबतो. संध्याकाळी निघालेला गिर्यारोहक दुसऱ्या दिवशी दुपारीही चढत असू शकतो, आणि मग उतरायचे असते ते थकलेल्या पायांनी व रिकाम्या होत आलेल्या नळकांडीसह.

हवामान हा दुसरा प्रश्न. हिमालयाच्या आठ हजार मीटरवरील शिखरांपैकी कांचनजंगा सर्वात पूर्वेकडे आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प त्याच्यावर प्रथम आदळते. त्यामुळे येथे हिमवृष्टी मुबलक, हिमप्रपातांचे प्रमाण अधिक आणि मोसमी पावसापूर्वीचा अनुकूल काळ अपुरा. साडेआठ हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. तेथे मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊ शकते. माणसाला भ्रम होतो, पाय उचलत नाहीत आणि आपण आजारी आहोत हेच त्याला कळत नाही. अशा व्यक्तीला खाली आणण्यासाठी अनेक धडधाकट माणसे लागतात आणि त्या उंचीवर धडधाकट माणूसच सापडत नाही.

२०११, २०१४ आणि २०१९

बंगालमधील नागरी गिर्यारोहणाची परंपरा १९६० च्या नंदाघुंटी मोहिमेपासून सांगितली जाते. हिवाळ्यात बांकुडा जिल्ह्यातील शुशुनिया आणि पुरुलियातील खडकांवर क्लबांची शिबिरे भरतात आणि तेथून मुले हिमालयाकडे वळतात. नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथील संस्थेचे बसंत सिंह राय आणि देबाशिस बिश्वास यांनी २०१० मध्ये एव्हरेस्ट आणि २०११ मध्ये कांचनजंगा सर केले.

हावड्याच्या छंदा गायेन यांनी २०१३ मध्ये एकाच मोहिमेत एव्हरेस्ट आणि ल्होत्से ही शिखरे गाठली होती. १८ मे २०१४ रोजी त्या कांचनजंगाच्या मुख्य शिखरावर पोहोचल्या. त्यानंतर विश्रांती घेऊन खाली न उतरता त्यांनी यालुंग कांगकडे मोर्चा वळवला. २० मे रोजी हिमप्रपातात त्या आणि त्यांच्यासोबतचे दोन शेर्पा बेपत्ता झाले. हेलिकॉप्टरद्वारे शोध घेण्यात आला. खराब हवामानामुळे तो थांबवावा लागला. तिघांचेही मृतदेह सापडले नाहीत.

महाराष्ट्रात बर्फ नाही. आहे तो सह्याद्रीचा कातळ. लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज अशा सुळक्यांवर घडलेल्या पिढीतून १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. पुण्यात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट मोहीम यशस्वी केली आणि नंतर आठ हजार मीटरवरील शिखरांची मालिकाच हाती घेतली. त्या मालिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात कांचनजंगाची पाळी आली. झिरपे यांच्याच नेतृत्वाखालील या मोहिमेतील आशिष माने, भूषण हर्षे, प्रसाद जोशी, डॉ. सुमित मांदळे यांच्यासह दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी माथ्यावर पोहोचले आणि सर्व जण सुखरूप परतले.

त्याच दिवशी त्याच दोरांवर बंगालचा पाच जणांचा संघही होता. त्यांपैकी विप्लव बैद्य माथ्यावर जाऊन परतताना कोसळले. कुंतल कांडार माथ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच आजारी पडले. नेपाळचे निर्मल पुर्जा हे सहा-सात महिन्यांत चौदा शिखरे करण्याच्या आपल्या मोहिमेत त्याच दिवशी शिखरावरून उतरत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याजवळचा प्राणवायू या दोघांना दिला आणि खाली मदतीसाठी वारंवार संदेश पाठवले, असे पुर्जा यांनी नंतर सांगितले. मदत वेळेत पोहोचली नाही. बैद्य आणि कांडार या दोघांचाही ८,००० मीटरच्या वर मृत्यू झाला. चिलीचे एक गिर्यारोहकही त्याच चढाईत बेपत्ता झाले.

एकाच दिवशी, एकाच मार्गावर एका संघाचे दहाही जण परततात आणि दुसऱ्याचे दोघे परतत नाहीत, याचे एकच कारण सांगता येत नाही. नशिबाचा वाटा असतोच. मात्र मोठ्या संघाचा एक व्यवहारी फायदा नाकारता येत नाही : तळछावणीवर बसलेला नेता कोणी कुठे आहे, कोणाची नळकांडी किती शिल्लक आहे, यावर बिनतारी संदेशाने लक्ष ठेवू शकतो आणि परत फिरण्याचा निर्णय थकलेल्या माणसावर सोपवला जात नाही. राखीव प्राणवायू आणि प्रत्येकामागे पुरेसे शेर्पा हा दुसरा भाग; त्याला पैसा लागतो. बंगालमध्ये या घटनेनंतर, विशेषतः त्याच मोसमात मकालूवरही एका बंगाली गिर्यारोहकाचा मृत्यू झाल्याने, आठ हजार मीटरवरील मोहिमांची तयारी आणि त्यांसाठीची स्पर्धा यांवर गिर्यारोहण क्लबांमध्ये मोठी चर्चा झाली.

५ मे २०२२ रोजी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी कांचनजंगा सर केले. आठ हजार मीटरवरील पाच शिखरे गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच दिवशी महाराष्ट्रातील एका गिर्यारोहकाचा याच पर्वतावर, माथ्याच्या वाटेवर, सुमारे ८,२०० मीटर उंचीवर मृत्यू झाला.